शब्दविचार : दाद

गेल्या महिन्याच्या टपालात सातारा जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र आम्हांस आले. त्यांच्या इयत्ता आठवीतील चिरंजीवांनी निबंधात 'गायिकेने श्रोत्यांची भरभरून दाद घेतली' असे वाक्य लिहिले. शिक्षकांनी 'घेतली' ह्या क्रियापदाखाली तांबडी रेघ ओढून वर 'मिळवली' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. वही घरी येताच मोठी चर्चा झाली. आजोबांचे म्हणणे असे की, दाद ही दिली जाते. ती घेणारा मनुष्य उतावळा समजावा. वकिली करणारे धाकटे काका म्हणाले, दाद मागतात. आम्ही रोज न्यायालयात तेच करीत असतो. आजींनी तर 'ह्या पोराचा खोकला तीन आठवडे कोणत्याच औषधाला दाद देत नाही, त्याचे आधी पाहा' असे सांगून सर्वांस गप्प केले. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, हे चारही प्रयोग एकाच शब्दाचे असतील, तर त्या शब्दाचा खरा अर्थ तरी कोणता?

प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर त्याच घरातील चौघांच्या बोलण्यात विखुरलेले आहे. ते गोळा करण्यापुरतेच आमचे काम.

दाद हा शब्द फारसी. फारसीत त्याचा मूळ अर्थ न्याय. इराणात आजही न्यायालयास 'दादगाह' म्हणतात. सहाव्या शतकातील खुस्रू अनोशिरवान ह्या राजाची न्यायप्रियतेबद्दल ख्याती होती, म्हणून त्यास 'दादगर' ही पदवी लोकांनी दिली. दादगर म्हणजे न्याय करणारा. ह्याच्याही मागे गेल्यास बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु राजाने कोरविलेल्या प्राचीन शिलालेखात 'दात' असा शब्द सापडतो, आणि तेथे त्याचा अर्थ कायदा, राजाने घालून दिलेला नियम असा आहे. हाच शब्द इराणी साम्राज्याबरोबर पश्चिमेकडे गेला आणि हिब्रू भाषेत 'दात' ह्या रूपाने रुजला. तेथे प्रथम कायदा आणि पुढे धर्म असा त्याचा अर्थ झाला.

येथे संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस मोह होईल की, 'दात' म्हणजे आपल्या 'दा' धातूचे रूप, दिलेले ते. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी अशीच व्युत्पत्ती मोठ्या उत्साहाने आम्हांस लिहून धाडली होती. ती खरी नव्हे. इराणी भाषांत आपली घ, ध, भ ही घोष महाप्राण अक्षरे मूळचा श्वास टाकून अल्पप्राण होतात. आपल्या 'भ्रातृ'चा त्यांचा 'बिरादर', आपल्या 'भूमी'चे त्यांचे 'बूम'. त्याच नियमाने त्यांच्या भाषेत 'दा' म्हणजे देणे आणि 'धा' म्हणजे ठेवणे, स्थापन करणे, हे दोन्ही धातू कानाला एकच झाले. कायदा ह्या अर्थाचा 'दात' हा दुसऱ्याचा, 'धा'चा, पुत्र होय. ज्या धातूपासून आपणांकडे विधी, विधान, विहित हे शब्द झाले आणि १९५० सालापासून ज्याच्या आधाराने देशाचा कारभार चालतो ते 'संविधान' झाले, त्याच धातूची ही दाद. म्हणजे तिला संस्कृत कुळातला जवळचा भाऊ शोधावयाचा, तर तो 'विहित' हा शब्द. जे ज्याचे ठरलेले आहे, जे ज्यास पोचलेच पाहिजे, ते विहित. आणि ते पोचविणे म्हणजे दाद देणे.

एवढे ध्यानात आले म्हणजे त्या घरातील भांडण निम्मे मिटते. वकील काकांची 'दाद मागणे' ही सर्वांत जुनी. 'ना दाद ना फिर्याद' ह्या आपल्या वाक्प्रचारात तीच आहे. वर्तमानपत्रांत 'उच्च न्यायालयात दाद मागितली' हे आपण आठवड्यातून दोनदा तरी वाचतो. 'कोठेच दाद लागेना' असे म्हणणारा मनुष्य प्रशंसेसाठी वणवण करीत नसतो. त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आजींचा खोकला मात्र अधिक मनोरंजक आहे. औषध हे एक प्रकारे वादी होऊन रोगापुढे उभे राहते. माझा अधिकार मान्य कर, मला वाट दे, असा त्याचा दावा असतो. रोग तो दावा मान्य करीत नाही, म्हणजेच 'दाद देत नाही'. किल्ला वेढा घालणाऱ्यांना दाद देत नाही, हट्टी बैल चाबकाला दाद देत नाही, गंजलेले कुलूप किल्लीला दाद देत नाही. ह्या सर्व ठिकाणी समोरच्याचा हक्क न मानणे हाच भाव आहे. 'तो कोणाला दाद लागू देत नाही' हेही त्यातलेच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ह्या अर्थी शब्द बहुधा नकारातच वापरला जातो. 'खोकल्याने औषधाला दाद दिली' असे कोणी सहसा म्हणत नाही. हक्क मान्य झाला की बोलण्यासारखे काही उरत नाही, तो नाकारला गेला तरच भाषेला तोंड फुटते, असा मनुष्यस्वभाव दिसतो.

आता न्यायापासून प्रशंसा कशी निघाली? ही पायरी फारसीतच घडली. त्या भाषेत एखाद्या गोष्टीची 'दाद देणे' म्हणजे ती गोष्ट तिच्या योग्यतेप्रमाणे पुरी करणे. रणांगणावर योद्धा पराक्रमाची दाद देतो, म्हणजे पराक्रम ज्या रीतीने व्हावयास हवा त्या रीतीने करून दाखवितो. कवी शब्दाची दाद देतो, म्हणजे शब्दास न्याय देतो. येथे दाद देणारा स्वतः कर्ताच आहे, पाहणारा नव्हे! पुढे उर्दू कवींच्या मुशायऱ्यांत श्रोत्यांनी कवितेचा योग्य तो मान राखणे ह्यासही दाद देणे म्हणू लागले. आपण मराठीत 'अमक्या नटाने त्या भूमिकेला न्याय दिला' असे म्हणतो. तेथे फारसी मनुष्याने 'दाद दिली' असेच म्हटले असते. तेव्हा दादेचे दोन मजले आहेत असे समजावे. गायक रागाला दाद देतो, आणि श्रोते गायकाला. पहिल्या मजल्यावर काही नसेल तर दुसरा मजला अधांतरी राहतो, हे ज्याने चार मैफली ऐकल्या आहेत त्यास सांगावयास नको.

आमच्या मते मराठीत हा प्रशंसेचा अर्थ मुख्यत्वेकरून संगीताच्या वाटेने आला. 'दाद मागणे' दप्तरांतून व कचेऱ्यांतून आले. 'दाद देणे' मैफलीतून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन राहिले, आणि ख्यालाबरोबर त्याच्या बैठकीची रीत व बोलीही आपल्याकडे स्थिरावली. सम, दाद, बंदिश, तालीम, रियाज हे शब्द एकाच गाडीतून उतरलेले प्रवासी आहेत. नाटकगृहात तर फारसीच्या जोडीस इंग्रजीही आली. संगीत नाटकातील पदास 'वन्स मोअर' मिळे, आणि नटमंडळींच्या बोलीत तो 'घेतला' जाई. तसेच हशे घेणे, टाळ्या घेणे. 'दाद घेणे' हा प्रयोग ह्या रंगभूमीच्या बोलीतला आहे, आणि त्यात चुकीचे काही नाही.

उलट, 'दाद घेणे'चा दुसराही एक जुना प्रयोग आहे, तो त्या शिक्षकांस बहुधा आठवला नसावा. 'कचेरीत तीन अर्ज केले, पण कोणी दाद घेतली नाही' ह्या वाक्यात दाद घेणारा अधिकारी आहे, अर्जदार नव्हे. म्हणजे कचेरीत जो वर बसतो तो दाद घेतो, आणि रंगभूमीवर जो समोर उभा राहतो तो दाद घेतो. एकाच शब्दजोडीची दिशा अशी पूर्ण उलटते, आणि तरीही मराठी बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही. मिळणे, मिळवणे, घेणे ह्यांत छटांचा भेद आहे. न मागता आली ती मिळाली. खटपट करून आणली ती मिळवली. समोरून येत असता ओंजळ पुढे करून स्वीकारली ती घेतली. चिरंजीवांच्या वाक्यातील गायिका भरभरून दाद घेत होती. तिसरी छटाच तेथे शोभते. अर्धा गुण परत मिळावा असे आमचे मत आहे. तो मागावयास काकांस पाठवू नये, म्हणजे झाले.

मागणे मात्र प्रशंसेच्या दादेस मराठीत चालत नाही. 'न्यायालयात दाद मागितली' हे सरळ. 'गायकाने श्रोत्यांकडे दाद मागितली' हे ऐकताच हसू येते. उर्दू कवी भर मुशायऱ्यात 'दाद चाहूँगा' म्हणून शेर पुढे ठेवतो आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. त्या भाषेत न्यायाची धार अजून शब्दाला आहे; कवी आपले येणे वसूल करावयास उभा असतो. आपल्याकडे ती धार बोथट झाली, आणि येण्याचे दान झाले.

ह्या दोहोंतील अंतर नीट पाहावयाचे, तर दादेच्या शेजारचे शब्द पाहावेत. 'शाबास' हेही फारसी. 'शाद बाश', आनंदी राहा. हा मुळात आशीर्वाद आहे, आणि म्हणूनच तो वरून खाली जातो. मास्तर विद्यार्थ्याला शाबासकी देतात. विद्यार्थ्याने मास्तरांची पाठ थोपटून शाबास म्हटल्यास काय होईल, हे आम्ही सदतीस वर्षे खुर्चीवर बसलेले गृहस्थ जाणतो. 'कौतुक' संस्कृत, तेथे त्याचा अर्थ कुतूहल, औत्सुक्य. मराठीत त्यास माया चिकटली. कौतुक आपल्या माणसाचे होते, गुणाचे असेलच असे नाही. बाळाने पहिले पाऊल टाकल्याचे कौतुक होते, त्यास दाद कोणी देत नाही. 'धन्यवाद' म्हणजे मुळात 'धन्य धन्य' असे बोलणे, म्हणजे स्तुतीच. आता तो आभाराचा शब्द झाला आणि स्तुतीच्या कामातून निवृत्त झाला. 'पारितोषिक' हे 'परितोष' म्हणजे पूर्ण समाधान ह्यापासून; कालिदासाने शाकुंतलाच्या आरंभीच सूत्रधाराच्या तोंडून विद्वानांच्या परितोषाची अट घालून घेतली आहे. ह्या सर्वांत दाद एकटीच अशी की, तीत वर आणि खाली नाही, आपला आणि परका नाही. दहा वर्षांचा मुलगा सत्तरीच्या बुवांना दाद देऊ शकतो. शत्रूच्या पेचालाही दाद देता येते. दादेला गुण कळणे एवढेच पुरते.

हल्ली भ्रमणध्वनीवर कोणी काही पाठविले की उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र धाडण्याची रीत पडली आहे. मराठीत 'अंगठा दाखवणे' ह्याचा अर्थ काय होतो, हे धाडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

प्रशंसेचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात, बहुतेक प्रतींत २७ व्या अध्यायात, प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी ह्याचे विवेचन आहे. मानुषी सिद्धी वाणीने आणि शरीराने प्रकट होते. प्रेक्षक स्मित करतात, अर्धे हसतात, मोठ्याने हसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगी 'कष्टम्' म्हणतात. अंगावर रोमांच येतात, आसनावरून उठतात, अंगावरचे वस्त्र काढून देतात. पण ह्या सर्वांच्या वर भरताने दैवी सिद्धी ठेविली आहे. तीत ना शब्द, ना गडबड, ना कसला उत्पात; रंगमंडप मात्र पूर्ण भरलेला. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ सालापासून जो उत्सव होत आला आहे, त्यात पहाटेच्या वेळी एखादा स्वर असा लागलेला की मंडपातील हजारो माणसे श्वास रोखून बसलेली आहेत, हे अनेक वाचकांनी अनुभविले असेल. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या ग्रंथाने त्या स्तब्धतेस टाळीच्या वरचे स्थान दिले, ह्याला आम्ही तरी मनापासून दाद देतो.

आता घराकडे वळू. कारण भगिनींच्या पत्राच्या कडेला शाईने नव्हे तर शिसपेन्सिलीने लिहिलेली आणखी एक ओळ होती, 'आमच्या घरात गाणाऱ्यांना दाद मिळते, रांधणाऱ्यांना नाही'. ही ओळ त्यांनी पुसून टाकण्याचा विचार केला असावा. ती पुसली नाही, हे बरे झाले.

संस्कृतात एक प्रसिद्ध सुभाषित आहे. कोणाची स्तुती केव्हा करावी ह्याचा त्यात क्रम लावून दिला आहे. गुरूंची समोर करावी, मित्रांची व आप्तांची पाठीमागे, चाकरांची काम संपल्यावर, पुत्रांची कधीच करू नये, आणि स्त्रियांची त्या मृत झाल्यावर. आमच्या पिढीतील कित्येक घरे ह्या एका श्लोकावर चालली. श्लोक पाठ नसलेली घरेही त्यावरच चालली. भाजीत मीठ कमी पडले तर पंगतीत तत्काळ कळे. बरोबर पडले तर ती भाजी निमूटपणे संपे. बोलले नाही म्हणजे चांगले झाले, असा त्या मौनाचा अर्थ लावावयाचा असे. भरताची दैवी सिद्धी ती ही नव्हे.

आमच्या परिचयातील एका मोठ्या कुटुंबात घरच्या थोरल्या सासूबाई वारल्या आणि वर्षश्राद्धाची पंगत बसली. खीर होती, उडदाचे वडे होते, आमसुलाची चटणी होती. वडे पानात पडताच प्रत्येकाच्या तोंडी कै. माईंच्या वड्यांची आठवण निघाली. तो खुसखुशीतपणा, ते मिऱ्यांचे प्रमाण, तळणीची ती नेमकी आच. पन्नास वर्षांत त्या माउलीने जेवढी स्तुती ऐकली नसेल तेवढी त्या तासाभरात झाली. एक वृद्ध आप्त तर 'आज अगदी माईंच्याच हातची चव' असे म्हणून तिसऱ्यांदा वडे मागते झाले. पहाटेपासून चुलीपुढे असलेली मधली सून वाढावयास वाकली होती. ती काही बोलली नाही. तिचा नऊ वर्षांचा मुलगा पंगतीच्या टोकाशी बसला होता. त्याने मोठ्याने विचारले, 'पण आजचे वडे कोणी केले?'

पंगत हसली. कोणी म्हणाले, पोरगा धीट आहे. पण शब्दाचा अभ्यासक ह्या नात्याने आम्हांस त्या प्रश्नात फार मोठी गोष्ट दिसते. मराठीत प्रशंसेची दाद मागता येत नाही असे आम्ही वर लिहिले. स्वतःसाठी मागता येत नाही, हे खरे. त्या मुलाने ती दुसऱ्यासाठी मागितली, आणि तेथे दादेचे दोन्ही अर्थ, कचेरीतला आणि मैफलीतला, एका ठिकाणी आले. त्या वृद्ध आप्तांनी हातातला वडा खाली ठेवला, सूनबाईंकडे पाहिले आणि 'तुझे आहेत होय? मग मी माईंचे म्हणून खाल्ले ते चुकलेच' एवढेच म्हणाले. ह्यात स्तुतीचा एक शब्द नाही.

सुभाषितकाराची बाजू थोडी घेणे आम्हांस प्राप्त आहे. त्याने 'स्तुती' हा शब्द योजिला आहे. स्तुती ही देवाची करावयाची, तिला माप नाही. ती कोवळ्या मुलास फुगविते हे आम्ही वर्गात पाहिले आहे. पुत्राची स्तुती करू नये हे मान्य. परंतु त्याने सोडविलेले उदाहरण बरोबर असेल तर 'बरोबर आहे' असे म्हणणे ही स्तुती नव्हे, ती दाद आहे. आणि ती न देणे हा संयम नव्हे, येणे बुडविणे आहे. स्त्रियांसंबंधीच्या चरणास आमच्यापाशी बचाव नाही. तो चरण त्याने लिहावयास नको होता.

दाद देणाऱ्याविषयी इतके झाल्यावर घेणाऱ्याविषयी दोन शब्द. आपल्या घरांत एक विचित्र विनय आहे. 'आमटी छान झाली' म्हटले की 'छे, आज चिंच जास्तच झाली' असे उत्तर येते. 'पेटी सुंदर वाजवलीत' म्हटले की 'कसचे काय, आज हातच चालला नाही'. प्रशंसा जर कौतुक असेल तर हे लाजणे शोभून दिसते. ती दाद असेल तर असे उत्तर म्हणजे न्याय देणाऱ्यास तुमची पारख चुकली असे तोंडावर सांगणे होय. मुशायऱ्यातील कवी किंचित वाकून, हात कपाळाशी नेऊन 'आदाब' म्हणतो आणि पुढच्या शेराकडे वळतो. जुने गवई दाद येताच गुरूचे नाव घेऊन कानाच्या पाळीस हात लावीत. दाद नाकारली जात नसे, ज्याची होती त्याच्याकडे पोचती होई. आमटीच्या बाबतीत काय करावे असे कोणी विचारील. 'आवडली ना? आणखी वाढते' हे उत्तर आम्हांस त्या आदाबाच्या तोलाचे वाटते.

परकी म्हणून हा शब्द टाकावा असे सुचविणारे एक पत्रही आले आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचे आम्हांस प्रेम आहे, आणि १९२५ साली फारसी-मराठी कोश रचणाऱ्या माधव जूलियनांनी पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीचा पक्ष घेतला, तेव्हा हा विचार अडाण्यांचा नव्हे, हेही खरे. पण दाद काढून एका ठिकाणी 'न्याय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'प्रशंसा' ठेवली की दोन वेगळे शब्द झाले. त्यांना जोडणारा पूल मोडला. तो पूल आम्हांस हवा आहे. शिवाय 'खोकला औषधाला प्रशंसा देत नाही' असे त्या आजी कधीही म्हणावयाच्या नाहीत.

किरकोळ शंकांचा निकाल असा. 'दादा' ह्या शब्दाशी दादेचे नाते नाही. हिंदीत 'दाद' हे एका त्वचारोगाचेही नाव आहे. ते संस्कृत 'दद्रु'पासून आलेले असून त्यास आपण गजकर्ण म्हणतो. शब्द स्त्रीलिंगी आहे. विभक्तिप्रत्यय लागताना 'दादेला, दादेची' अशी रूपे करावीत. मुशायऱ्यात ऐकू येणारे 'मुकर्रर' आणि आपल्या दस्तऐवजांतील 'मुक्रर' हे एकच की काय, असे नाशिकच्या एका वाचकांनी विचारले आहे. एक नव्हेत. पहिल्याचा अर्थ पुन्हा एकदा, दुसऱ्याचा ठरलेले. अरबीत दोहोंतील 'क' निरनिराळे आहेत, आपल्या कानांनी ते एक केले. ह्या जोडीविषयी पुढील अंकी.